टेबल टेनिसचं टेबल घेताना: आधी जागा, मग टॉप, शेवटी कंपनी

टेबल घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, "कुठल्या कंपनीचं चांगलं?" हा प्रश्न शेवटी विचारावा असं माझं ठाम मत आहे. कोल्हापुरात टेबल खेळून कमी आणि ओलीनं जास्त खराब होतं. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते की कपाटातल्या चामड्याच्या चपलेलाही बुरशी धरते. त्या चार महिन्यांत टेबल कुठं उभं राहणार आहे, हे एकदा ठरलं की निम्मा निर्णय झालेला असतो. उरलेला निम्मा कोण खेळणार यावर ठरतो. कंपनी, रंग, चाकांची संख्या हे सगळं त्यानंतर.

खडू घेऊन जागा मोजा

नियमातलं टेबल २.७४ मीटर लांब, १.५२५ मीटर रुंद आणि जमिनीपासून ७६ सेंमी उंच असतं. आपल्या भाषेत ९ फूट बाय ५ फूट, उंची अडीच फूट. बरेच जण एवढंच मोजतात आणि "खोलीत बसतंय" म्हणून पैसे भरतात. टेबल बसतं, खेळाडू बसत नाही.

जमिनीवर खडूनं ९ बाय ५ चा चौकोन आखा. मग हातात रॅकेट घेऊन दोन्ही टोकांना उभे राहा आणि मोकळेपणानं फोरहँड मारून बघा. मागे भिंतीला कोपर लागत असेल तर ती जागा टेबल ठेवायची आहे, खेळायची नाही. घरगुती खेळासाठी किमान २० बाय ११ फूट लागतात. मुलांना प्रशिक्षण घेऊन सराव करायचा असेल तर २८ बाय १४ फूट तरी हवेत, कारण टॉपस्पिनवाला, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेनं फिरकी देणारा खेळाडू टेबलापासून चार-पाच फूट मागे सरकतो आणि बचावाचा खेळ करणारा त्याहून मागे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एका टेबलासाठी १४ मीटर बाय ७ मीटर जागा आणि ५ मीटर उंची धरतात. तेवढी जागा फ्लॅटमध्ये कुणाकडेच नसते आणि नसली तरी बिघडत नाही. पण तालमीच्या वरच्या हॉलमध्ये किंवा शाळेत दोन टेबलं लावायचा विचार असेल तर हे माप समोर ठेवूनच आखणी करा. नाहीतर एकाचा चेंडू सारखा दुसऱ्याच्या पायात येतो आणि कुणाचाच सराव होत नाही.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांत सोपा, म्हणजे ओसरी, लांबीला पुरतो, रुंदीला कमी पडतो आणि मधे खांब येतात. खांब टेबलाच्या बाजूला, नेटच्या रेषेत आला तर चालवून घेता येतो. खेळाडू उभा राहतो त्या टोकाला आला तर ती जागा सोडून द्या.

वर बघायलाही विसरू नका. माळा, तुळई, पंखा सगळं मोजा. चेंडूचं वजन फक्त २.७ ग्रॅम असतं, पंख्याच्या वाऱ्यानं त्याची वाट बदलते. एप्रिल-मे महिन्यांत पंखा बंद ठेवून खेळावं लागणार हे गृहीत धरा आणि हवा खेळती राहील पण झोत टेबलावर येणार नाही अशी खोली निवडा. मोठी खिडकी एखाद्या खेळाडूच्या पाठीमागे येत असेल तर समोरच्याला चेंडू दिसत नाही. तिथं गडद पडदा लावा.

पत्र्याखालची जागा ही बाहेरचीच जागा

या मुद्द्यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे इथं वाया जातात.

घरातल्या टेबलाचा टॉप म्हणजे बहुतेक वेळा पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ. लाकडाचा भुसा किंवा तंतू सरसात मळून, गरम दाबाखाली केलेली फळी. ती सपाट असते, घट्ट असते, चेंडूला सगळीकडे सारखा टप्पा देते. पण तिच्यातला नेहमीचा सरस पाण्यापुढे टिकत नाही. कडेतून ओल शिरली की भुसा फुगतो, आणि एकदा फुगलेली फळी वाळली तरी मूळच्या जाडीवर परत येत नाही. वरचा रंग कितीही चांगला असू दे, खालची बाजू, स्क्रूची भोकं आणि कडा हे तिचे उघडे दरवाजे असतात. दुसरा प्रकार आणखी फसवा. पाण्याचा थेंबही न लागता, एका बाजूला ओली भिंत आणि दुसऱ्या बाजूला कोरडी हवा मिळाली की फळी हळूहळू वाकते.

म्हणून गच्चीवरचं पत्र्याचं शेड, सोसायटीचं पार्किंग, वाड्याचा चौक, बंगल्याचा व्हरांडा या सगळ्या जागा टेबलासाठी बाहेरच्या आहेत. "वर छप्पर आहे की" हे उत्तर इथं चालत नाही. तिरका पाऊस आत येतो, आणि पाऊस नाही आला तरी दमट हवा येतेच. अशा ठिकाणी महागडं २५ मिमीचं घरातलं टेबल ठेवण्यापेक्षा मध्यम दर्जाचं बाहेरचं टेबल कितीतरी जास्त वर्षं साथ देतं. जिल्ह्याच्या पश्चिमेला असाल तर याबाबत आणखी काटेकोर राहा. तिकडच्या गगनबावड्यात पूर्वेकडच्या शिरोळच्या कित्येक पट पाऊस पडतो. शिरोळकडच्या व्हरांड्यात जे टेबल दोन पावसाळे काढेल, ते तिकडे एकही काढणार नाही.

घरातल्या जागेतही भिंत बघा. पावसाळ्यात पोपडे सुटणारी, हात लावला की गार ओलसर लागणारी भिंत असेल तर टेबल तिच्यापासून किमान वीतभर दूर उभं राहील एवढी जागा सोडा.

टॉपची जाडी: सगळा खेळ इथं आहे

नियम टॉप कशाचा असावा हे सांगत नाही. टप्पा कसा असावा हे सांगतो. ३० सेंमीवरून सोडलेला चेंडू साधारण २३ सेंमी उसळला पाहिजे, आणि टेबलभर सारखा. पातळ फळी चेंडू पडला की थरथरते आणि उसळीतली ताकद स्वतःच गिळते. खाली लोखंडी पट्टी असेल तिथं चेंडू उंच उडतो, दोन पट्ट्यांच्या मधे मेल्यासारखा बसतो. असल्या टेबलावर शिकलेल्या मुलाचा हात टप्प्यावर भरवसाच ठेवत नाही, आणि पुढे चांगल्या टेबलावर गेल्यावर त्याला सगळं नव्यानं शिकावं लागतं.

१२ ते १६ मिमी जाडीचं टेबल सुट्टीत भावंडांनी खेळायला ठीक. १८-१९ मिमी हा घरासाठीचा चांगला मध्य आहे. बहुतेक कुटुंबांना मी हाच सांगेन. शाळा, कॉलेजचा जिमखाना, तालीम मंडळ अशा ठिकाणी, जिथं दिवसभर वेगवेगळे हात खेळतात, तिथं २२ मिमीच्या खाली जाऊ नका. स्पर्धा भरवायच्या असतील किंवा मूल गंभीरपणे स्पर्धा खेळत असेल तर २५ मिमी.

जाडी तपासताना कडेला दिसणाऱ्या लोखंडी पट्टीवर जाऊ नका. ती पट्टी फळीला झाकते आणि त्यामुळे टेबल आहे त्याहून जाड दिसतं. दोन भाग जिथं नेटखाली जुळतात तिथली कड किंवा खालची बाजू बघा आणि टेप लावा. दुसरी खूण वजनाची. बोर्डाचं वजन घनमीटरला साधारण ६५० ते ७०० किलो धरलं तर २५ मिमीचा पूर्ण टॉप एकटाच ७० किलोच्या आसपास जातो, १८ मिमीचा ५० किलोच्या. फ्रेम, पाय, चाकं वेगळी. २५ मिमीचं म्हणून दाखवलेलं पूर्ण टेबल फ्रेमसकट ७५-८० किलोच भरत असेल तर त्या दुकानदाराला पुन्हा विचारा.

रंग निळा की हिरवा, यानं काही फरक पडत नाही. गडद आणि बिनचमकीचा हवा, एवढंच. चमक मात्र नक्की तपासा. ट्यूबलाइटचं स्पष्ट प्रतिबिंब टॉपवर दिसत असेल तर चेंडू त्या उजेडात हरवतो.

सुताराकडून करून घेतलं तर?

आपल्याकडे कारागीर चांगले, त्यामुळे हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. वॉटरप्रूफ प्लाय आणायचं, वर सनमायका लावायचा, पाय शिवाजी उद्यमनगरात वेल्डिंग करून घ्यायचे. पायांपुरतं हे उत्तम आहे. टॉपपुरतं नाही, आणि कारण साधं आहे. टेबलाचा एक भाग साडेचार बाय पाच फुटांचा. बाजारात सहज मिळणारी प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची. म्हणजे प्रत्येक भागात एक सांधा येणारच. पावसाळा गेला की तो सांधा बोटाला जाणवायला लागतो, आणि चेंडूला त्याच्या आधीच जाणवतो. शिवाय प्लायच्या आतल्या थरांत कुठं कुठं पोकळ्या असतात, तिथं टप्पा मरतो. सनमायकावर चेंडू घसरतो, फिरकी पकडत नाही. गल्लीतल्या पोरांना उन्हाळाभर खेळायला असं टेबल जरूर करा. शिकायला नको.

जुनी फ्रेम भक्कम असेल आणि टॉप फुगला असेल तर मात्र नवा तयार टॉप मागवून जुन्या फ्रेमवर बसवून घेणं हा मला सगळ्यात शहाणपणाचा खर्च वाटतो. मागवण्याआधी फ्रेमवरच्या भोकांमधली अंतरं मोजून कळवा.

बाहेरचं टेबल

खऱ्या बाहेरच्या टेबलाचा टॉप लाकडाचा नसतो. मेलामाइन रेझिनचा ४ ते ६ मिमी जाडीचा दाबलेला पत्रा असतो किंवा ॲल्युमिनियमचे थर असलेला, आणि त्याला खालून लोखंडी फ्रेमचा घट्ट आधार असतो. म्हणून इथं आकडा लहान दिसला तरी घाबरू नका. घरातल्या १८ मिमीशी त्याची तुलनाच होत नाही. बाहेरच्या टेबलांची तुलना आपसात करा. जितका जाड पत्रा आणि जितकी दाट फ्रेम, तितका टप्पा बरा.

"वेदरप्रूफ" या शब्दावर विसंबू नका. खाली वाकून बघा. स्क्रूच्या भोकाशी किंवा कडेला तपकिरी भुसा दिसला तर ती रंग दिलेली लाकडी फळीच आहे. फ्रेमला नुसता रंग आहे की जस्ताचा मुलामा, हेही विचारा. नुसता रंग पहिल्या ओरखड्याला गंज धरतो.

गच्चीवर ठेवणार असाल तर दोन गोष्टी. गच्चीला पाणी जायला उतार दिलेला असतो, त्यामुळे पायांना फिरवून उंची कमीजास्त करायचे बूट असलेलंच टेबल घ्या. आणि दुमडून उभं केलेलं टेबल वाऱ्यासमोर शिडासारखं उभं राहतं, ते कठड्याला किंवा खांबाला बांधायची सोय आधी करा. टेबलाची लांबी दक्षिणोत्तर ठेवली तर सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन कुणाच्या डोळ्यांत जात नाही.

बागेत किंवा सोसायटीच्या मैदानात, जिथं कुणी टेबल आत नेणार नाही, झाकणार नाही, तिथं सिमेंटचं किंवा दगडी टेबल आणि लोखंडी जाळी हा पर्याय टिकाऊ आहे. टप्पा कडक आणि वेगळा येतो, चेंडू लवकर झिजतात. पण पोरं खेळायला लागतात, आणि मोकळ्या जागेत तेवढं झालं तरी पुष्कळ.

फ्रेम, चाकं आणि लहान मुलं

टेबलाला हात लावून आडवं हलवून बघा. नेटची जाळी थरथरत राहिली तर फ्रेम कमजोर आहे. पायांचा चौकोनी पाइप ४० मिमीचा तरी असावा, खाली तिरके आधार असावेत. चाकं जेवढी मोठी तेवढी फरशीच्या सांध्यांवरून सहज जातात. शहाबादी फरशी असेल तर बारीक प्लास्टिकची चाकं नकोच.

घरात लहान मुलं असतील तर या एका गोष्टीत तडजोड करू नका. दुमडलेलं टेबल म्हणजे उभी राहिलेली ५० ते ७० किलोची फळी. तिला आपोआप अडकणारी, दोन हातांनी सोडवल्याशिवाय न उघडणारी खिटी असलीच पाहिजे. दुकानात स्वतः चार वेळा उघड-मीट करून बघा. खिटी अडखळत असेल तर ते टेबल सोडा, सवलत कितीही असो.

एक भाग उभा करून एकट्यानं भिंतीसारखं खेळायची सोय घरासाठी फार उपयोगाची आहे. घरात एकच मूल असेल तर ती मागून घ्या.

स्पर्धेसाठी घेताना

आयटीटीएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघ, मान्य टेबलांची यादी ठेवतो. ही मान्यता एका विशिष्ट मॉडेलला असते. त्याच कंपनीचं स्वस्त मॉडेल यादीत असेलच असं नाही. त्यामुळे बिलावर मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या. निवड स्पर्धा भरवायचा विचार असेल तर खरेदीआधीच जिल्हा आणि राज्य संघटनेला कोणती टेबलं चालतात ते लेखी विचारा.

चार टेबलं घेणार असाल तर चारही एकाच मॉडेलची घ्या. पैसे टप्प्याटप्प्यानं येणार असतील तर दोन चांगली आज आणि दोन पुढच्या वर्षी, पण मिश्र नको. खेळाडूला पहिल्या टेबलावरून तिसऱ्यावर गेल्यावर नवा टप्पा समजून घ्यायची वेळ येऊ नये.

शाळा आणि क्रीडा संकुलांना आवर्जून सांगावंसं वाटतं: पाय टोकाच्या रेषेपासून किमान ४० सेंमी आत असलेलं टेबल निवडा. व्हीलचेअरवरच्या खेळाडूंच्या स्पर्धांसाठी हीच अट आहे. किमतीत फारसा फरक पडत नाही आणि एक मूल खेळाबाहेर राहत नाही.

नेट साधं असलं तरी चालतं, कारण ते बदलता येतं. उंची १५.२५ सेंमी भरते ना आणि क्लॅम्प रबर लावून घट्ट बसतो ना, तेवढं बघा.

दुकानात जाताना काय न्यायचं

टेप, शाळेतली ३० सेंमीची पट्टी, शिवणाचा दोरा, एक रुपयाची पाच सारखी नाणी, आणि चांगला थ्री-स्टार, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाचा चेंडू. पाणसळ मिळाली तर फारच छान. टेबल पूर्ण मांडून, समतल करून दाखवायला सांगा. दुमडलेलं टेबल बघून घेऊ नका.

पट्टी उभी धरा, तिच्या टोकावरून चेंडू सोडा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपा. दोन्ही भागांच्या कोपऱ्यांत, मधोमध, नेटजवळ, खाली पट्टी आहे तिथं आणि नाही तिथं. साधारण २३ सेंमी सगळीकडे यायला हवं. एके ठिकाणी २३ आणि दुसरीकडे १९ असं येत असेल तर नको म्हणा. सगळीकडे सारखं २२ आलं तर मी ते घरासाठी आनंदानं घेईन.

मग नेट काढून चारही कोपऱ्यांवर एकेक नाणं ठेवा आणि दोन दोरे कर्णांवर ताणा. दोरे मधोमध एकमेकांना अलगद टेकले पाहिजेत, आणि दोऱ्याखालून पाचवं नाणं सगळीकडे जेमतेम सरकलं पाहिजे. कुठं अडकलं तर तिथं उंचवटा, कुठं सैल गेलं तर खड्डा. दोन्ही कर्ण टेपनं मोजा. ते सारखे आणि सुमारे ३.१४ मीटर भरले तर टेबल काटकोनात आहे. दोन भागांच्या जोडावरून नख फिरवा, पायरी लागता कामा नये.

जुनं टेबल घेत असाल तर हेच सगळं करा, फक्त दिवाळीनंतर नको, ऑगस्टमध्ये करा. भर पावसाळ्यात सपाट असलेलं जुनं टेबल डोळे झाकून घ्यावं.

घरी आणताना

देशातलं बरंचसं क्रीडासाहित्य मेरठ आणि जालंधरहून येतं, त्यामुळे टेबल बहुधा ट्रान्सपोर्टनं येणार. बोलणी करतानाच गोडाऊन डिलिव्हरी की घरपोच, आणि मजल्यावर चढवण्याची हमाली कुणाकडे, हे ठरवा. पोच पावतीवर सही करण्याआधी चारही कोपरे उघडून बघा. कोपरा दबलेला असेल तर पावतीवरच तसं लिहा आणि फोटो काढा.

जिना हा सगळ्यात विसरला जाणारा मुद्दा. एक भाग साडेचार बाय पाच फुटांचा असतो, सोसायटीच्या लहान लिफ्टमध्ये तो मावत नाही. फ्रिजच्या खोक्यांचा पुठ्ठा जोडून त्याच मापाचा तुकडा कापा आणि तो जिन्यावरून वळवून वर नेऊन बघा. पुठ्ठा वळला नाही तर टेबल वळणार नाही. अशा घरांसाठी दोन भाग पूर्ण सुटे होणारं टेबल घ्या, एकाच गाडीवर दुमडणारं नको.

पावसाळ्यात

ओल्या फडक्यानं टॉप पुसू नका. किंचित दमट फडकं फिरवा आणि लगेच कोरड्यानं पुसा. प्लास्टिकचं कव्हर घट्ट बांधून टेबल चार महिने तसंच ठेवू नका, आत ओल कोंडते. कव्हर घालायचंच तर उघडीप मिळेल त्या दिवशी काढून दोन्ही बाजूंना वारा लागू द्या. भिंतीला टेकवून कधीच ठेवू नका, स्वतःच्या पायांवर सरळ उभं ठेवा.

आणि पंचगंगेचं पाणी येतं त्या भागात, म्हणजे शुक्रवार पेठ, शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीसारख्या वस्त्या, दुधाळी, बापट कॅम्प, टेबल तळमजल्यावर ठेवत असाल तर ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ची पाण्याची रेघ भिंतीवर कुठं होती ते आठवून खरेदी करा. सुटे होणारे दोन भाग चार माणसं अर्ध्या तासात पहिल्या मजल्यावर नेऊ शकतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी चढायला लागली की नेट आणि क्लॅम्प आधी काढून पिशवीत भरा, मग दोन्ही भाग वेगळे करा आणि वर उभेच ठेवा.